युरोपातल्या लहान गावांत निवांत सुट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस, रोम, इंटरलाकेन एकदा पाहून झालं, आता एखाद्या शांत गावात आठवडाभर राहायचं आहे, असं ठरवणाऱ्यांसाठी हे पान आहे. पहिल्याच खेपेला थेट गावात उतरायचं असेल तरी चालेल. मात्र गावची सुट्टी शहरापेक्षा जास्त तयारी मागते. शहरात चुकलं तर दहा मिनिटांत दुसरी मेट्रो येते. गावात चुकलं तर दुसरी बस उद्या सकाळी असते.

गाव निवडायचं कसं? सगळ्यांचे फोटो सारखेच सुंदर दिसतात.

फोटो बाजूला ठेवा आणि शेवटची बस किती वाजता आहे ते आधी बघा. आमच्या मते गावची सुट्टी फसते ती बहुतेक वेळा इथेच. फुलांनी भरलेल्या खिडक्या शेकडो गावांत आहेत, पण संध्याकाळी साडेसहानंतर तिथे पोचायची सोय नसेल तर दिवसभराची कुठलीही सहल पाच वाजताच आवरती घ्यावी लागते.

क्रम असा ठेवा. प्रथम त्या देशाचा रेल्वे नकाशा उघडा आणि दर तासाला गाडी थांबते अशी लहान स्थानकं शोधा. स्थानकापासून वस्ती दीड किलोमीटरच्या आत आहे का आणि मधे चढ किती आहे ते बघा. मग वेळापत्रकात रविवारची तारीख घालून तोच प्रवास पुन्हा शोधा. मंगळवारी वीस गाड्या दिसणाऱ्या गावाला रविवारी दोनच गाड्या असतात. त्यानंतर गावात किराण्याचं दुकान आहे का आणि खाण्याच्या निदान तीन जागा आहेत का ते तपासा. तीन अशासाठी की प्रत्येकीचा साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळा असतो, आणि एकच खानावळ असलेल्या गावात सोमवार-मंगळवारी उपाशी राहायची वेळ येते. हे सगळं जुळलं की मग फोटो बघा.

नावं शोधायला तीन याद्या उपयोगी पडतात. फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर गावांची संघटना १९८२ पासून आहे आणि ती दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्याच गावांना घेते. इटलीत तशीच यादी २००१ पासून आहे, तिथे मोठी गावंही चालतात. आणि १९९९ मध्ये इटलीतच सुरू झालेली ‘चित्तास्लो’ ही संथ जीवनाचा आग्रह धरणाऱ्या, पन्नास हजारांच्या आतल्या गावांची चळवळ आता बऱ्याच देशांत पसरली आहे. पहिल्या दोन याद्यांत देखणेपणाला महत्त्व आहे, तिसरीत राहणीमानाला. निवांतपणा हवा असेल तर तिसरीपासून सुरुवात करा.

एका गावात किती रात्री राहावं?

किमान चार. दोन रात्रींत एक संध्याकाळ पोचण्यात आणि एक सकाळ निघण्यात जाते, हाती एकच दिवस उरतो. दहा दिवसांच्या सुट्टीत दोन गावं पुरेत, त्यांतलं एक डोंगरातलं आणि एक पाण्याकाठचं असलं की पाऊस आला तरी सुट्टी वाया जात नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मात्र विमानतळाच्या शहरात येऊन राहा. पहाटेची गावची बस चुकली तर विमान गेलंच म्हणून समजा.

पहिल्यांदाच जातोय. सर्वांत सोपं गाव कोणतं?

स्लोव्हेनियातलं रादोव्लित्सा. प्रसिद्ध लेक ब्लेड इथून जेमतेम सात किलोमीटरवर आहे आणि बसने पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. ब्लेडला दुपारी गर्दी असते, इथल्या जुन्या चौकात नसते. राजधानी लुब्लियानाहून येसेनित्सेकडे जाणारी रेल्वे गावातच थांबते, तासाभरात पोचवते आणि स्थानकापासून जुनं गाव चालत काही मिनिटांवर आहे. आसपासच्या प्रवासासाठी गाडी भाड्याने घ्यायची गरजच पडत नाही. मुंबईहून लुब्लियानाला थेट विमान नाही, फ्रँकफर्ट किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं.

लिन्हार्ट चौकातल्या जुन्या वाड्यात १९५९ साली सुरू झालेलं मधमाशीपालनाचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. स्लोव्हेनियन शेतकरी मधपेटीच्या पुढच्या फळीवर चित्रं काढत. फळी चार-पाच इंच उंच आणि फूटभर लांब, तेवढ्या जागेत एक अख्खी गोष्ट. कुठे मेलेल्या शिकाऱ्याची अंत्ययात्रा जंगलातले प्राणीच काढताहेत, कुठे सैतान एका बाईची जीभ सहाणेवर धार लावतोय. सर्वांत जुनी ज्ञात फळी १७५८ ची आहे. व्हिएन्नात हॅब्सबर्ग दरबाराने मधमाशीपालन शिकवायला नेमलेला अंतोन यान्शा हा जवळच्याच ब्रेझनित्साचा, आणि २० मे हा जागतिक मधमाशी दिवस त्याच्याच नावाने पाळला जातो. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर ही तारीख लक्षात ठेवा.

एक दिवस क्रोपा या लोहारांच्या गावासाठी काढा. तिथे शतकानुशतकं खिळे घडवले जात. मात्र तिथल्या बस थोड्या आहेत आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी.

लेक कोमोला फार गर्दी आणि फार खर्च, असं ऐकलं. इटलीतलं दुसरं एखादं सरोवर?

लागो दि ओर्ता. इटलीतल्या मोठ्या सरोवरांपुढे लहान, आणि त्याच्या काठावरचं ओर्ता सान जुलिओ हे गाव पायी फिरण्यापुरतंच. मिलानहून नोवारापर्यंत रेल्वे, तिथे दोमोदोस्सोलाच्या गाडीत बदल, आणि ओर्ता-मियाझिनो स्थानकावर उतरायचं. नोवाराच्या पुढच्या गाड्या थोड्या आहेत आणि रुळांचं काम चालू असलं की त्यांच्या जागी बस सोडतात, म्हणून जोडगाडीला निदान अर्धा तास राखून ठेवा. स्थानक गावाच्या वर, दोन-अडीच किलोमीटरवर आहे. जाताना उतार आहे, पण येताना तोच चढ सामानासकट पडतो. परतीची टॅक्सी यजमानाकडून आदल्या दिवशी सांगून ठेवा, स्थानकावर टॅक्सी उभी नसते.

चौकासमोरच्या बेटावर मोटारबोट पाच मिनिटांत नेते. बेटावर बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साध्वींचा मठ आहे आणि त्याभोवती एकच गोल पायवाट, वीस मिनिटांत पूर्ण होते. दिवसा बोटी भरभरून येतात, त्यामुळे सकाळी पहिल्या किंवा संध्याकाळी शेवटून दुसऱ्या बोटीने जा. शेवटच्या बोटीवर मात्र विसंबू नका. गावाच्या वरच्या टेकडीवर संत फ्रान्सिसच्या जीवनावरची वीस देवळं आहेत. त्यांचं काम १५९० च्या सुमारास सुरू झालं आणि आत माणसाच्या उंचीचे मातीचे पुतळे आहेत. जाळीतून आत बघायचं असतं, डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतो. पिएमोंत आणि लोम्बार्दीतल्या अशा नऊ टेकड्या मिळून २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

‘पोहता येतं का?’ असंही विचारलं जातं. येतं. १९२६ पासून कृत्रिम रेशमाच्या कारखान्याच्या सांडपाण्याने हे सरोवर अक्षरशः मेलं होतं. १९८९-९० मध्ये त्यात हजारो टन चुनखडी सोडून पाण्यातली आम्लता मारली आणि हळूहळू मासे परतले. मे महिन्यात पाणी गार असतं, जूनच्या मध्यापासून पोहण्याजोगं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये गर्दी नसलेलं गाव उरलंय का?

भरपूर. अडचण एवढीच की ती युंगफ्राऊच्या बाजूला नाहीत. खालच्या एंगाडीन खोऱ्यात १६५३ मीटर उंचीवर ग्वार्दा आहे. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलून, १९९९ मध्ये खुल्या झालेल्या १९ किलोमीटरच्या व्हेराइना बोगद्यातून साधारण पावणेतीन तासांत ग्वार्दा स्थानकावर पोचता. स्थानक खाली खोऱ्यात आहे, गाव वर. मधे छोटी पोस्टबस चालते; ती संध्याकाळी लवकर थांबते, आणि मग पाऊण तासाचा चढ पायी. स्विस ट्रॅव्हल पास रेल्वे आणि पोस्टबस दोन्हींवर चालतो.

इथली घरं बारकाईने बघायला वेळ ठेवा. भिंतीला आधी गडद गिलावा, वर चुन्याचा पांढरा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून नक्षी काढलेली. दारं एवढी मोठी कमानदार की गवताने भरलेली गाडी घरातूनच मागच्या गोठ्याकडे नेता यावी. खिडक्या बाहेर रुंद आणि आत अरुंद, थंडी कमी आणि उजेड जास्त यावा म्हणून. हे सगळं नीट राखल्याबद्दल ग्वार्दाला १९७५ मध्ये वाकर पारितोषिक मिळालं. पावसाच्या दिवशी शेजारच्या श्कुओलला खनिज पाण्याच्या स्नानगृहात जा.

डोलोमाइट डोंगर बघायचे आहेत, पण गाडी चालवायची नाही.

क्लाउझनला राहा. इटालियन पाटीवर त्याचंच नाव किउझा असतं, तिकीट काढताना दोन्ही नावं शोधा. हे गाव ब्रेनर रेल्वेमार्गावर आहे, बोल्झानो अर्ध्या तासावर आणि ब्रिक्सेन दहा-बारा मिनिटांवर. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबत नाहीत, बोल्झानो किंवा ब्रिक्सेनला लोकल धरायची. डोंगराच्या बाजूने फुनेस आणि गार्देना या दोन्ही खोऱ्यांकडे बस जातात. गावाच्या माथ्यावर झेबेन मठ आहे, पाऊण तासाची चढण.

इथली खरी सोय म्हणजे पाहुणे-पास. क्लाउझन ज्यात येतं त्या उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोल प्रांतातली बहुतेक हॉटेलं आणि घरगुती निवास मुक्कामभर प्रांतातल्या बस आणि लोकल रेल्वेचा पास देतात, वेगळे पैसे न घेता. बुकिंगपूर्वी यजमानाला विचारा, कारण सगळेच त्यात सहभागी नसतात. असे पास इतरत्रही आहेत. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये कोनुस कार्ड, स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात तिचिनो तिकीट. चौघांच्या कुटुंबाचा आठवड्याचा बसखर्च यात वाचतो, आणि तरी अनेक जण पास न मागताच राहून येतात.

ऑस्ट्रियातलं हालश्टाट घ्यावं की टाळावं?

बघायचंच असेल तर मुक्काम करा, दिवसाची धावती भेट टाळा. साडेसातशेच्या आसपास वस्तीच्या गावात रोज हजारो माणसं उतरतात. दहा ते पाच या वेळात चालायला जागा नसते, सकाळी आठच्या आधी गाव मोकळं असतं. खोली महाग वाटली तर त्याच सरोवराच्या टोकाला ओबरट्राउन आहे, तिथे रेल्वे थांबते. हालश्टाटचं स्थानक मात्र गावाच्या समोरच्या काठावर आहे आणि पलीकडे नेणारी बोट गाड्यांच्या वेळेला जोडलेली आहे. ती संध्याकाळी लवकर बंद होते. रात्रीच्या गाडीने उतरलात तर गाव समोर दिसतं आणि पोचता येत नाही.

चेक प्रजासत्ताकात प्राहा (प्राग) सोडून काय?

तेल्च आणि त्रेबोन. तेल्चचा चौक १५३० च्या आगीनंतर नव्याने बांधला गेला, १९९२ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे आणि पूर्ण बघण्यासारखा आहे. पण तिथे दोन रात्री पुरतात. वाडा सोमवारी बंद असतो. त्रेबोनला मात्र आठवडा घालवता येतो. सपाट मुलूख, शतकांपूर्वी खोदलेली माशांची तळी, त्यांच्या बांधांवरून सायकलचे रस्ते आणि गुडघे-कंबर दुखणाऱ्यांसाठी गरम पीट मातीची स्नानगृहं. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना आम्ही आधी त्रेबोन सुचवतो.

मेच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

मुलांच्या शाळेमुळे बहुतेकांना हे दोनच पर्याय असतात, आणि नेमक्या त्याच दोन वेळा आल्प्ससाठी अडचणीच्या आहेत. एप्रिलअखेर ते मेचा तिसरा-चौथा आठवडा आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत उंचावरच्या बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद असतात. हॉटेलंही त्याच काळात सुट्टी घेतात. उंच घाटरस्त्यांवर मेमध्ये बर्फ असू शकतो.

म्हणून मेमध्ये खालच्या पातळीवरची गावं घ्या. रादोव्लित्सा, ओर्ता, क्लाउझन, त्रेबोन ही तेव्हा उत्तम असतात. ग्वार्दा जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच. मेमध्ये १ मे, ख्रिस्ती स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार यांना जोडून युरोपीय लोकही बाहेर पडतात, तेवढे दिवस आधी आरक्षित करा.

दिवाळीत दक्षिणेला जा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मध्य युरोपात पाचच्या सुमाराला अंधार पडतो. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ताविरा तेव्हाही उबदार असतं. फारो विमानतळाच्या शहरातून लोकल गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते, आणि गावापासून दोनेक किलोमीटरवरच्या धक्क्यावरून समोरच्या वाळूच्या बेटावर बोट जाते. इटलीच्या टाचेतलं लोकोरोतोन्दो हा दुसरा पर्याय. पांढरी गोल वस्ती, भोवती द्राक्षमळे, शंकूच्या आकाराच्या छपरांच्या घरांचं आल्बेरोबेल्लो शेजारीच. तिथली स्थानिक रेल्वे रविवारी चालत नाही, तिच्या जागी थोड्या बस असतात, म्हणून शनिवारी पोचा, रविवारी नको.

१५ ऑगस्टच्या मागेपुढे इटली टाळलेली बरी. अर्धा देश सुट्टीवर असतो.

गावच्या बसचं वेळापत्रक वाचता येत नाही. खुणांचा अर्थ काय?

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे शाळेची बस. गावच्या निम्म्या बस शाळेच्या दिवशीच धावतात आणि सुट्टीत गायब होतात. जर्मन भाषिक भागात वेळेशेजारी ‘एस’ अक्षर आणि तळटीपेत ‘शूल’ने सुरू होणारा शब्द दिसला तर ती शाळेची बस. इटलीत ‘स्कोलास्तिको’ लिहिलेलं असतं. इटलीतल्या ‘फेरियाले’ बस सोमवार ते शनिवार धावतात, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सणवार. चेक वेळापत्रकात एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, तिथे शनिवार त्यात धरत नाहीत. जर्मनीत ‘रूफबस’ लिहिलं असेल तर ती बस आपोआप येत नाही, ठरलेल्या वेळेआधी फोन करून बोलवावी लागते. फोन यजमानाला करायला सांगा.

कागदी तिकीट काढलंत तर इटलीत गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारायचा असतो. विसरलात आणि तपासनीस आला तर तिकीट असूनही दंड होतो.

गाडी भाड्याने घेणं फायद्याचं आहे का?

आडगावी राहणार असाल तरच. वाहन परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्या. तो आरटीओ देतं, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. बुकिंग करताना ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागा, न सांगितल्यास गिअरची मिळते आणि गिअर उजव्या हाताला येतो. अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या नावावरच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, पत्नीचं किंवा मुलाचं कार्ड चालत नाही.

इटलीतल्या जुन्या वस्त्यांत ‘झेड टी एल’ हा बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ दिसलं की थांबा. कॅमेरा नंबर टिपतो, काही महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते आणि भाडेकंपनी आपलं हाताळणीशुल्क वेगळं कापते. हॉटेल आतल्या भागात असेल तर त्यांना गाडीचा नंबर आधी कळवा, काही ठिकाणी ते तात्पुरती परवानगी काढून देतात.

शाकाहारी माणसाचं गावात कसं निभावतं?

निभावतं, पण ‘भाजीचं’ दिसतं ते सगळं शाकाहारी नसतं. इटलीत रिसोत्तो बहुधा मांसाच्या सुपात शिजवतात, म्हणून ‘ब्रोदो’ कशाचा आहे ते विचारा. पारमेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. ते चालत नसेल तर ‘सेंत्सा पार्मिजानो’ सांगा. टिरोलमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये बटाट्याच्या पदार्थांत बेकनचे बारीक तुकडे न सांगता पडतात.

नीट शाकाहारी आणि पोटभर असंही बरंच आहे. टिरोलमध्ये पालक-रिकोट्टा भरलेले श्लुत्सक्राप्फन, स्लोव्हेनियात श्त्रुक्ली आणि बकव्हीटची कांजी, चेकमध्ये तळलेलं चीज. इटलीच्या टाचेतल्या पुल्या प्रांतात ‘फावे ए चिकोरिये’ मागा : सोललेल्या सुक्या बाकल्याचं वरणासारखं घट्ट घोटलेलं, शेजारी कडसर पालेभाजी, वर कच्चं ऑलिव्ह तेल. जैन जेवण मात्र गावात मिळेल असं धरून चालू नका, स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या.

वेळा पाळा. स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सात ते नऊ. चार वाजता भूक लागली तर कॉफी आणि केक.

घरी स्वयंपाक करायचा म्हटलं तर काय न्यावं आणि काय नेऊ नये?

युरोपीय संघात प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, खवा, श्रीखंड नको. खव्याचे पेढे-बर्फीही जप्त होण्याचा धोका आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे, दोन किलोपर्यंत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूसची पेटी नातेवाइकांसाठी नेऊ नका. केळी, नारळ, अननस, खजूर यांना सूट आहे.

भाजके पोहे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, डाळ-तांदूळ, कोरड्या चटण्या, गोडा मसाला हे बिनधास्त न्या, मूळ पाकिटात किंवा वर नाव लिहून. तूप-लोणी तिथे चांगलं मिळतं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, आणि बहुतेक नव्या घरांत इंडक्शनच असतं. स्टीलचा तीन लिटरचा न्या. फोडणी देण्यापूर्वी धुराडं सुरू करा आणि खिडकी उघडा, लाल मिरचीच्या धुराने छताचा धूरसूचक वाजतो.

जर्मनी, ऑस्ट्रियात रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी लवकर आवरतात. शुक्रवारीच सामान भरा. रविवारी सकाळी बेकरी थोडा वेळ उघडी असते, मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानंही चालू असतात.

शेंगेन व्हिसासाठी गावच्या मुक्कामाने काही वेगळं करावं लागतं का?

नियम तेच. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीत भेटीची वेळ घ्या, मार्चमध्ये ती मिळणं कठीण होतं. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा.

गावच्या मुक्कामात कागद अडतात ते इथे : छोटे यजमान बुकिंगच्या पत्रावर एकाच माणसाचं नाव लिहितात. सगळ्या प्रवाशांची नावं, पासपोर्टवर आहेत तशीच, पूर्ण पत्ता आणि तारखा असलेलं पत्र ईमेलवर मागवा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या नोंदीला वेळ लागतो. पुढचं विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर तीन तासांचं अंतर ठेवा.

पोचल्यावर किल्ली कोण देणार?

हा प्रश्न बुकिंग करतानाच विचारा. गावातल्या घरगुती निवासांत रात्रंदिवस स्वागतकक्ष नसतो. यजमान तीन ते सहा या वेळात येतो, नंतर दारावरच्या पेटीत किल्ली आणि फोनवर सांकेतिक आकडा. तो आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण डोंगरात नेमकं तिथेच नेटवर्क नसतं. सकाळच्या विमानाने उतरलात तर खोली तीननंतर मिळेल, सामान ठेवायची परवानगी आधी मागा. पर्यटक कर माणशी, रात्रीप्रमाणे, बहुधा तिथेच आणि रोख द्यावा लागतो.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना जमेल?

जमेल, तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का. न्हाणीघरात सपाट शॉवर आहे की उंच काठाचा टब. दारापर्यंत गाडी येते का. जुन्या वस्त्यांत शेवटचे दोन-तीनशे मीटर गोट्यांच्या फरसबंदीवरून चालायचं असतं. तिथे २३ किलोची एक बॅग ओढण्यापेक्षा बारा-तेरा किलोच्या दोन बऱ्या, आणि चाकं मोठी हवीत.

पैसे आणि चार्जर?

स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेकमध्ये कोरुना. वरच्या बाकी गावांत युरो. एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का?’ विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा दर महाग पडतो. गावात शंभरेक युरो सुट्या नोटांत जवळ ठेवा. आपला दोन पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो, तीन पिनांचा बसत नाही. स्विस सॉकेट षटकोनी आणि खोलगट असतो, त्यात जाड अडॅप्टर शिरत नाही. सपाट स्विस अडॅप्टर वेगळा घ्या.

गावात आजारी पडलं तर?

आणीबाणीचा क्रमांक सगळीकडे ११२. किरकोळ दुखण्याला हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानात जा, तिथला फार्मासिस्ट सल्ला देतो. दुकान बंद असेल तर रात्रपाळीचं दुकान कोणत्या गावात आहे त्याची चिठ्ठी दारावर लावलेली असते. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठवडाभराच्या न्या, हातातल्या बॅगेत, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आपल्या कंपन्यांची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. विम्याच्या पॉलिसीवरचा मदतीचा फोन नंबर दोघांच्या फोनमध्ये असू द्या, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी तिथे फोन करा. आधी कळवलेलं नसलं की भरपाई अडते.